पेट्रोल कुठे अडते, काटा कुठे चुकतो : जुन्या कार्ब्युरेटर गाडीचा इंधनमार्ग कसा तपासावा

घरातील जुनी प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० ज्याच्या हाती नव्याने येते, त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते. गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते पण चढाला दम सोडते, वाटेत बंद पडते आणि दहा मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी चालू होते, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, किंवा काटा पाव टाकी दाखवत असताना पेट्रोल संपते. अशा वेळी पहिला संशय कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर, घेतला जातो आणि तो खोलून साफ केला जातो. माझ्या मते ही तपासणी चुकीच्या टोकाने सुरू होते. कार्ब्युरेटर हे पेट्रोलच्या वाटेवरचे शेवटचे ठिकाण आहे. त्याच्या आधी टाकी, टाकीतील जाळी, गाडीच्या पोटाखालून जाणारी धातूची नळी, रबरी नळ्यांचे जोड, फिल्टर आणि पंप एवढे टप्पे आहेत, आणि यांतील बहुतेक दोष पाना, पक्कड आणि थोडा संयम एवढ्यावर सापडतात.

हा लेख केवळ कार्ब्युरेटर आणि इंजिनवर बसवलेला यांत्रिक पंप असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. साधारण २००० सालापासून मारुती ८०० सह बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले आणि पंप विजेवर चालणारा होऊन टाकीत गेला. यांत्रिक पंपाचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३५ किलो इतकाच असतो, तर इंजेक्शनच्या गाडीत तो ३ किलोच्या आसपास असतो आणि इंजिन बंद केल्यावरही काही काळ टिकतो. त्यामुळे पुढे सांगितलेली नळ्या सोडवण्याची कामे इंजेक्शनच्या गाडीवर करू नयेत.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचून राहते, म्हणून हे काम सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर, बंद गॅरेजमध्ये किंवा गॅसचा गिझर जवळ असलेल्या जागी करू नये. मोकळ्या, सावलीच्या जागेत गाडी उभी करावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थची वायर काढून ठेवावी. ज्या चाचण्यांना वीज लागते त्या वेळीच ती पुन्हा जोडावी. पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारून उपयोग होत नाही, उलट पेटते पेट्रोल पसरते.

आपल्याकडच्या दोन सवयींविषयी स्पष्टच लिहायला हवे. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे हा प्रकार अजून सर्रास चालतो, आणि त्यात पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. हाताने दाबायचा रबरी पंप शेदोनशे रुपयांना मिळतो, तो वापरावा. दुसरी सवय म्हणजे गाडी चालू होत नसेल तर कार्ब्युरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतून सेल्फ मारणे. इंजिनने उलटी ठिणगी फेकली तर ते पेट्रोल बॉनेटखालीच पेटते. त्याची गरजही नसते, कारण पेट्रोल पोहोचते की नाही हे त्याहून सोप्या रीतीने कळते.

पहिली पायरी : टाकीत पेट्रोल आहे का

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, परंतु काटा बिघडलेल्या गाडीत इंधनाची सारी तपासणी येथेच फसते. काटा खरा आहे असे गृहीत धरून लोक पंप बदलतात. म्हणून काटा काहीही दाखवत असला तरी पंपावर जाऊन निदान पाच लिटर पेट्रोल भरून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. लिटरचा तो आकडा पुढे काट्याच्या तपासणीतही उपयोगी पडतो. गाडी जागची हलत नसेल तर टाकीचे झाकण काढून गाडी बाजूने हलवावी आणि आतला आवाज ऐकावा. भरण्याची नळी सरळ असेल तर कोरडी, सालपटे न निघणारी वेताची काठी आत सोडूनही पातळी दिसते, मात्र अनेक गाड्यांत ही नळी वळणाची असते आणि तिथे काठी अडकवून बसू नये.

दुसरी पायरी : कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येते का

एअर फिल्टरचे झाकण काढावे, इंजिन बंद ठेवावे आणि कार्ब्युरेटरच्या घशात वरून पाहत ॲक्सिलरेटरची तार हाताने एकदा पूर्ण ओढावी. आत पेट्रोलची बारीक पण ठसठशीत चिळकांडी उडाली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या त्याच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल आहे आणि गाडी बंद पडण्याचे कारण बहुधा ठिणगीत, म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंटमध्ये शोधावे लागेल. चिळकांडी उडाली नाही, तर वाटी रिकामी असण्याची शक्यता मोठी आहे (क्वचित ही चिळकांडी उडवणारा कार्ब्युरेटरमधला छोटा ॲक्सिलरेटर पंपच बिघडलेला असतो). ही तपासणी गाडी बंद पडते त्याच क्षणी, त्याच जागी करावी. घरी आणून दुसऱ्या दिवशी केली तर ती काहीच सांगत नाही, कारण तोवर वाटी पुन्हा भरलेली असते.

तिसरी पायरी : टाकीपासून पंपापर्यंतची वाट

सर्वांत जास्त वेळ या भागावर द्यावा, असे माझे मत आहे, कारण येथील दोष स्वस्त असतात आणि तरीही सर्वाधिक काळ न सापडता राहतात.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करावी. पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी त्याची जागा घेण्यासाठी हवा आत यावी लागते. काही गाड्यांत ती झाकणातील छिद्रातून येते, काहींत वेगळ्या बारीक नळीतून. हे छिद्र मातीने किंवा रंगाने बुजले, अथवा मूळ झाकण हरवल्यावर बिनछिद्राचे दुसरे बसवले गेले, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. खूण ठळक आहे : गाडी काही किलोमीटर चांगली चालते, मग गुदमरते, आणि झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज येतो. झाकण सैल ठेवून तोच रस्ता चालवून पाहिल्यावर त्रास गेला, तर दोष सापडला. मात्र झाकण सैल ठेवून कायम गाडी चालवू नये. पावसाचे पाणी आत जाते.

त्यानंतर रबरी नळ्या. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग पंपाच्या ओढीवर चालतो, त्यामुळे या भागातील नळीला तडा गेला तर पेट्रोल बाहेर गळेलच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच्या बाजूला चीर असेल तर तोंडात पाण्याऐवजी हवाच येते, तसाच हा प्रकार आहे, आणि मेकॅनिक यालाच ‘पंप हवा घेतोय’ असे म्हणतात. नळी बोटांनी वाकवून पाहावी. बाहेरून बारीक भेगा दिसल्या, रबर कडक झालेले असले किंवा उलट चिकट व मऊ झालेले असले, तर ती बदलावी. टाकीजवळचा तुकडा हमखास विसरला जातो, कारण तो पाहण्यासाठी गाडीखाली झोपावे लागते.

नळी घेताना एक गोष्ट महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळते. या गाड्या बनल्या तेव्हाचे रबर अशा मिश्रणासाठी नव्हते. दुकानात नुसती ‘पेट्रोलची नळी’ न मागता इथेनॉलला टिकणारी, ‘एसएई जे ३० आर ९’ असा शिक्का असलेली नळी मागावी, आणि जुन्या नळीचा आतला व्यास मोजून त्याच मापाची घ्यावी. एक मिलिमीटर मोठी नळी क्लिप आवळून बसवता येते, पण तिथूनच पुढे हवा शिरते. शिवाय इथेनॉल टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सोडवते, त्यामुळे बराच काळ उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणल्यानंतर पहिल्या एकदोन टाक्यांत फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून एक जादा फिल्टर गाडीत ठेवावा.

फिल्टर बसवताना त्यावरील बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे असावा. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून नवखे लोक घाबरतात. त्यात वरच्या बाजूला हवेचा स्थिर बुडबुडा राहणे हे नेहमीचे आहे. इंजिन चालू असताना बुडबुड्यांची सतत धार दिसू लागली तरच मागच्या बाजूने हवा शिरते आहे असे समजावे. फिल्टरच्या तळाशी तांबूस पूड साचत असेल तर टाकी आतून गंजली आहे. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळाभर जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नित्याचे आहे, आणि त्यावर फिल्टरमागून फिल्टर बदलणे हा उपाय नव्हे. टाकी उतरवून साफ करून घ्यावी लागते. टाकीला वेल्डिंग लागणार असेल तर ते काम केवळ त्यातील जाणकाराकडेच द्यावे, कारण रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही अधिक धोकादायक असते.

वाट तुंबली आहे का हे पाहण्यासाठी पंपाच्या मागची नळी सोडवावी, फिल्टर बाजूला काढावा, टाकीचे झाकण उघडावे आणि सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हलकेच हवा मारावी. टाकीच्या तोंडाशी बुडबुड असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. हवा जातच नसेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर टाकीतील जाळी तुंबली आहे अथवा खालची धातूची नळी कुठे तरी चेपली आहे. खडबडीत रस्त्यावर दगड लागून किंवा जॅक चुकीच्या जागी लावून ती चेपते. हवा मारल्याने कचरा तात्पुरता हटतो आणि गाडी धावू लागते, पण तो कचरा टाकीतच असतो आणि शंभर किलोमीटरच्या आत परत जाळीवर येऊन बसतो.

चौथी पायरी : पंप

यांत्रिक पंपात कॅमशाफ्टच्या गतीने हलणारा एक रबरी पडदा असतो, ज्याला सगळे डायफ्राम म्हणतात, आणि दोन छोटे एकदिशा व्हॉल्व्ह असतात. त्याची चाचणी अशी करावी. कॉइलला इग्निशनकडून येणारी बारीक वायर काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक पारदर्शक बाटलीत घालावे, बाटली बॅटरीपासून दूर धरावी आणि दुसऱ्या व्यक्तीला पाचसात सेकंद सेल्फ मारायला सांगावे. पंप चांगला असेल तर ठरावीक लयीत जोरदार पिचकाऱ्या येतात. नुसती ओघळ आली, किंवा पिचकाऱ्यांत फेस दिसला, तर लगेच पंपाला दोष देऊ नये. फेस म्हणजे हवा, आणि हवा बहुधा तिसऱ्या पायरीतील एखाद्या जोडातून येते.

पंप आणि मागची वाट यांतील दोषी कोण, हे ठरवण्याचा उत्तम उपाय म्हणजे पंपाच्या मागच्या तोंडाला नवी नळी लावून तिचे दुसरे टोक जमिनीवर, सायलेन्सरपासून लांब ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात सोडणे. टाकीकडून आलेल्या नळीत बोल्ट घालून ती बंद करावी. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी आणि कॉइलची वायर परत जोडून गाडी जागेवर चालवावी. आता इंजिन वाढवल्यावरही नीट चालत असेल, तर पंप निर्दोष आहे आणि दोष मागे आहे. या चाचणीवर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पंपाच्या वरच्या झाकणाखाली पुष्कळदा बारीक जाळी आणि गॅस्केट असते. ती साफ करून गॅस्केट बदलल्याने अनेक ‘मेलेले’ पंप जिवंत होतात. डायफ्राम फाटला असेल तर दोन प्रकारे कळते. पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकते, किंवा ते न दिसता इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिक काढून पाहावी : ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असेल, ते पातळ झालेले असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन क्षणभरही चालवू नये. पंप दुरुस्त करून, ऑइल व ऑइल फिल्टर बदलूनच पुढे जावे. पंपाचे किट घेतानाही डायफ्राम इथेनॉलला टिकणारा आहे का, हे विचारून घ्यावे.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड, तपकिरी बेकेलाइटचा तुकडा असतो. तो इंजिनची उष्णता अडवतो आणि पंपाचा लिव्हर किती हलेल तेही ठरवतो. त्याच्या जागी घरी कापलेली जाड पॅकिंग घातली तर लिव्हरची हालचाल कमी होते आणि पंप अशक्त वाटू लागतो; तो तुकडा टाकून दिला तर उष्णतेचा त्रास सुरू होतो.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो पण एकदा चालू झाल्यावर दिवसभर त्रास नसतो, अशा गाडीत पंपाचा एकदिशा व्हॉल्व्ह बसत नसल्याने रात्रीतून पेट्रोल मागे टाकीकडे उतरलेले असू शकते.

घाटात, उन्हात बंद पडणारी गाडी

मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकीचा घाट खालच्या गिअरमध्ये चढताना बॉनेटखालची उष्णता वाढते, नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ढकलत बसतो. मुंबईतले पद्मिनी टॅक्सीवाले आणि इतर जुने चालक अशा वेळी पंपावर ओले फडके टाकत, आणि तो उपाय खरोखरच चालतो. मात्र कायमचा इलाज म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर बांधणे, बेकेलाइटचा तुकडा जागेवर असल्याची खात्री करणे आणि रेडिएटरची अवस्था पाहणे.

येथे एक सावधगिरी. तापल्यावर बंद पडणारी प्रत्येक गाडी वाफेमुळेच बंद पडते असे नाही. तापलेली कॉइल किंवा अखेरच्या घटका मोजणारा कंडेन्सर हुबेहूब हीच लक्षणे देतो आणि थंड झाल्यावर तोही सुधारतो. दुसऱ्या पायरीतील चिळकांडीची तपासणी रस्त्याच्या कडेला करून पाहिली की दोहोंतला फरक मिनिटभरात कळतो.

कार्ब्युरेटर

वरचे सारे नीट असेल तरच येथे यावे. पेट्रोल वाटीत येऊन बाहेर सांडत असेल, म्हणजे ‘ओव्हरफ्लो’ होत असेल, तर वाटी भरल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या बैठकीत कचरा अडकला आहे किंवा त्या सुईला हलवणाऱ्या फ्लोटला, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या पोकळ डबीला, छिद्र पडले आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवल्यावर आत पेट्रोल खळखळते. संशय राहिला तर तो गरम पाण्यात बुडवावा, छिद्रातून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. वाटी भरतच नसेल तर सुई वरच्या बाजूला अडकली असू शकते. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यात, तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. हवेने साफ करावे.

काटा

इंधनाच्या काट्याची रचना साधी आहे. टाकीत दांडीवर एक फ्लोट असतो, तो वरखाली झाला की एका विद्युतरोधावर सरकणारा स्पर्श हलतो, आणि तेथून एक वायर डॅशबोर्डवरील मीटरकडे जाते. परतीची वाट टाकीच्या धातूतून, म्हणजे अर्थिंगमधून असते. मीटर, वायर, टँक युनिट (म्हणजे टाकीतील फ्लोट, दांडी आणि रोध यांचा संच) आणि अर्थिंग अशी चारच ठिकाणे बिघडू शकतात, आणि गॅरेजमध्ये नेमके चौथे ठिकाण दुर्लक्षित राहते.

प्रथम इग्निशन लावून काटा कसा हलतो ते पाहावे. काही गाड्यांत तो झटकन जागेवर जातो, काहींत रांगत रांगत चढतो. रांगणारा काटा असलेल्या गाडीत मीटरला बॅटरीचा पूर्ण दाब न देता एका छोट्या स्टॅबिलायझरमधून तो कमी करून, ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत सरासरी १० व्होल्ट, दिला जातो. अशा गाडीत पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवू लागले, तर टाकी उघडण्याचे कारणच नाही. स्टॅबिलायझर किंवा त्याचे अर्थिंग तपासावे. एकटाच पेट्रोलचा काटा चुकत असेल तर पुढे जावे.

टँक युनिटची वायर काढावी आणि तिला लांब जादा वायर जोडून तिचे टोक टाकीपासून दूर, मोकळ्या हवेत आणावे, कारण पुढच्या कृतीत ठिणगी पडू शकते. इग्निशन लावून काटा कुठे आहे ते पाहावे, मग ते टोक बॉडीच्या खरवडलेल्या धातूला काही क्षणच टेकवावे. बहुतेक गाड्यांत काटा रिकाम्यावरून भरलेल्याकडे जातो. काही जुन्या मीटरांत याच्या उलट होते. दिशा कोणतीही असो, काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. सरकलाच नाही, तर मीटरच्या मागे हीच चाचणी करावी. तिथे सरकला तर मधली वायर तुटली आहे, आणि ती बहुधा डिकीच्या गालिच्याखाली बिजागरीपाशी किंवा कुणी स्पीकर बसवताना स्क्रू मारला तिथे सापडते.

यानंतर अर्थिंग. टाकी दुरुस्त करून, छान रंग मारून परत बसवल्यावर काटा मेला, अशी तक्रार फार ऐकू येते. त्याचे कारण तोच रंग असतो : युनिटचे स्क्रू आणि टाकीचे पट्टे धातूला टेकतच नाहीत. युनिटच्या कडेच्या एका स्क्रूपासून बॉडीपर्यंत स्वतंत्र वायर जोडून पाहावी. काटा जिवंत झाला तर ती वायर नीट बांधून तशीच कायम ठेवावी.

एवढे करूनही काटा चुकत असेल तरच युनिट बाहेर काढावे, तेही टाकी बरीच रिकामी असताना आणि बॅटरी सोडवून. बाहेर, टाकीपासून दूर, मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वरखाली करावी. रोधाचे आकडे गाडीगणिक बदलतात, पण आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो उडी मारत असेल किंवा नाहीसा होत असेल तर सरकपट्टी झिजली आहे, आणि काटा ठरावीक पातळीलाच नाचतो त्याचे कारण तेच. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले असेल तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामे दाखवतो. परत बसवताना नवी गॅस्केट घालावी आणि दांडी टाकीच्या भिंतीला किंवा जाळीच्या नळीला घासत नाही ना, हे पाहावे.

दुरुस्तीनंतरही जुना काटा नव्या गाडीसारखा अचूक होत नाही, म्हणून त्याचे माप स्वतः काढून घ्यावे. टाकी जवळजवळ रिकामी असताना, म्हणजे युनिट परत बसवल्यावर लगेच, पेट्रोल पंपावर पाच पाच लिटर भरत जावे, दर वेळी गाडी सपाट जागी उभी करून काटा स्थिरावू द्यावा आणि तो कुठे थांबला ते एका कागदावर लिहावे. बहुतेक जुन्या टाक्यांचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता किंवा याच्या उलट असतो, त्यामुळे अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धी टाकी असे सहसा नसते. शेवटचे पाव अंतर किती लिटरचे आहे हा आकडा ठळक लिहून तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा, आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देताना किल्लीबरोबर तोही दाखवावा.